काळजाचा वाटा

दाजी गवसांना शाळेने उभ्या जन्मात पस्तिसाच्या वर गुण दिले नव्हते. ते म्हातारपणी एका यंत्राने ब्याण्णव दिले, आणि तेव्हापासून धामणखोलात त्यांच्याशी दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलायची सोयच उरली नाही. चहाच्या दुकानात, पाणंदीत, सोसायटीच्या ओट्यावर जो भेटेल त्याला दाजी एकच सांगत, "ब्याण्णव! जिल्ह्यात कोणाक मिळाले नाय." ऐकणारा नवा असला तर विचारायचा, कशात? जुना असला तर छत्री उघडून चालू लागायचा.

यंत्राचं सरकारी नाव 'वन्यमांस परीक्षक' असं होतं. मिसळणाच्या डब्याएवढं ते खोकं आणि त्याच्या तोंडाशी एक काचेची पट्टी. पट्टीवर मांसाचा रस पिळायचा, खोक्याचा उजेड मांसावर धरायचा आणि चहा होईपर्यंत वाट पाहायची. मग पडद्यावर शंभरपैकी गुण येत. चांगले असले तर हिरवे, वाईट असले तर लाल. गुण देतं म्हणून गावाने त्याचं नाव 'मास्तरीण' ठेवलं. एकदा नाव पडलं की मग सरकारसुद्धा ते पुसू शकत नाही.

रानडुकरांनी सगळ्या कोकणपट्टीत उच्छाद मांडला, भात, सुरण, माडाची रोपं काही म्हणता काही ठेवेनात, तेव्हा सरकारने काही गावांना शिकारीची परवानगी दिली होती. हंगामाला ठरावीक डुकरं, शिकवून तयार केलेले बंदूकवाले आणि एक अट. मारलेलं प्रत्येक जनावर गावच्या केंद्रात तपासल्याखेरीज कोणाच्या चुलीवर चढता कामा नये. धामणखोलचं केंद्र जुन्या भातगिरणीत उघडलं आणि तिथे डॉ. शर्वाणी केळुसकर नावाची, नुकतीच तिशी ओलांडलेली पशुवैद्य आली. मुलगी वेंगुर्ल्याची. शास्त्र सांगताना पुस्तकी बोलायची आणि चिडली की मालवणीत यायची.

पहिल्याच शिकारीला मास्तरणीने एकतीस गुण दिले होते. दाजी गावच्या शिकारीचे पुढारी. त्या दिवशी त्यांनी अख्खी वाडी रानात उतरवली होती. ढोल, डबे, कुत्री, आरोळ्या घेऊन या डोंगरापासून त्या ओहोळापर्यंत हाका घातला आणि फेस गाळत पळणारं डुक्कर दोन गोळ्यांत पाडलं. आणि वर एकतीस!

"डुकराक काय परीक्षेक बसवतंस?" दाजी कडाडले. "हाको घातल्याशिवाय शिकार कसली? ती काय भाजी खुडणां आसा?"

शर्वाणीने त्यांना मांसाला हात लावायला सांगितला. मांस काळपट होतं आणि बोटांना चिकटत होतं.

"दाजी, स्नायूत थोडी साखर साठवलेली असते," ती म्हणाली. "जनावर शांत असताना मेलं, तर त्या साखरेचं हळूहळू आम्ल होतं. दुधाचं दही होताना होतं ना, साधारण तसंच. त्या आम्लाने मांस मऊ पडतं आणि टिकतं, कारण जंतूंना ते मानवत नाही. पण तुम्ही त्याला दोन डोंगर पळवलंत. साखर पळण्यातच संपली. आम्ल होणार कशाचं? हे मांस संध्याकाळपर्यंत वास मारेल. शिवाय तुमची गोळी शिशाची. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत पसरलेत. ते पोरांच्या पोटात गेले तर मेंदूला अपाय करतात."

"म्हंजे धावडवलेलो डुकर नापास आणि गपचूप मारलेलो पास?"

"बरोबर."

"आणि मारणाऱ्याची मर्दुमकी?"

"तिला मास्तरीण गुण देत नाही."

दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. पण हट्टी माणसाचं एक बरं असतं. त्याला एकदा नापास केलं की तो अभ्यासाला बसतो. त्यांनी शिशाच्या गोळ्या टाकल्या आणि तांब्याच्या घेतल्या. ढोल माळ्यावर गेला. पहाटे एकटेच उठून वाऱ्याच्या उलट बाजूला, आंब्याच्या बेचक्यात बसायला लागले. डासांनी फोडून काढलं, पाय आखडले, बायको म्हणाली, या वयात झाडावर चढणाऱ्याला माणसं काय म्हणतात ठावक आहे ना? दाजींनी काही मनावर घेतलं नाही. एका सकाळी करांद्याचे कंद उकरून मन लावून खाणारं एक डुक्कर त्यांच्यापासून धोंडा फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर उभं राहिलं. दाजींनी श्वास सोडला आणि मानेत एकच गोळी घातली. तोंडातला कंद तोंडातच राहिला.

मास्तरणीने त्या मांसाचं सगळं चरित्र वाचून दाखवलं. चरबीच्या प्रकारावरून खाणं कळलं, कंद, रानफळं, किडे, गांडुळं, शेतातल्या औषधाचा मागमूस नाही. साखरेच्या हिशेबावरून मरण कळलं, भीती नाही, धावपळ नाही, वेदना नाही. गुण ब्याण्णव.

"तेका कळलाच नाय," दाजी हलक्या आवाजात म्हणाले. इतकी वर्षं शिकार केली, पण जनावराच्या बाजूने मरण कसं असतं हे त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. ते यंत्राकडे बघत राहिले. त्या दिवसापासून दाजी मास्तरणीचे भक्त झाले, आणि भक्त तरी कसले! खोक्यावर धूळ बसली तर उपरण्याने पुसायचे.

यंत्राची करणी होतीही तशीच. बंद खोलीत पोसलेल्या कोंबडीपेक्षा या मांसात चरबी कमी, लोह कितीतरी जास्त, जस्त जास्त. दोन हंगामांनी शाळेतल्या पोरींचं रक्त तपासलं तेव्हा आरोग्यसेविका आकडे बघून पुन्हा मोजायला बसली. फिकट चेहऱ्यांच्या पोरी आता कबड्डीत शेजारच्या गावाला लोळवत होत्या. दाजी सामने बघायला जात आणि प्रत्येक पकडीला ओरडत, "तो माझो डुकर धावता!"

आता धामणखोलच्या वाटपाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. इथे शिकार विकत नाहीत. जेवढ्या चुली तेवढे वाटे, केळीच्या पानांवर सारखे मांडलेले. एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका पानाला काठी लावून विचारतो, "हो कोणाचो?" पाठमोरा एका घराचं नाव घेतो. त्याला पान दिसत नाही, त्यामुळे चांगला तुकडा कोणाला आणि हाडूक कोणाला हे कोणाच्या हातात राहत नाही. भाऊबंदकी असो, कोर्टकज्जे असोत, वाटा चुकत नाही.

फक्त काळीज, म्हणजे कलेजी, या वाट्यांत धरत नाहीत. जनावर फाडताक्षणी काळीज बाजूला निघतं आणि ते गावातल्या गरवार, म्हणजे गरोदर बाईचं. शिकाऱ्याने स्वतः ते तिच्या खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात न्यायचं, निखाऱ्यावर धरायचं, पहिला तुकडा तिच्यासमोर आपण खायचा आणि मग तिला द्यायचा. निखाऱ्यावर तरी किती, वरून करपेल आणि आत लाल राहील इतकंच. जास्त शिजवलं तर रगत जातं, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं.

त्या हंगामात गावात एकच बाई गरवार होती आणि ती नेमकी तातू दळवींची सून, स्वरांगी.

तातू आणि दाजी एकेकाळचे जिवलग, एकाच ताटात जेवणारे. एका डुकराला दोघांच्या गोळ्या लागल्या आणि ते कोणाच्या गोळीने पडलं यावरून वाजलं. त्याला दहा-बारा वर्षं झाली. घरं शेजारी, मध्ये फक्त कुंपण, पण तातूने त्यानंतर दाजींशी एक शब्द काढला नव्हता. दाजी समोर असले तर तातू तिसऱ्याच माणसाशी बोलायचा. तिसरा माणूस नसला तर कुत्र्याशी बोलायचा. तरीही तीनेक आठवड्यांपूर्वी दाजी काळीज घेऊन दळव्यांच्या खळ्यात गेले होते. तातू घरात तोंड फिरवून बसला होता. स्वरांगीने मात्र हसत खाल्लं, दाजींच्या पाया पडली आणि म्हणाली, "दाजीनू, मास्तरणीपेक्षा माझे मार्क जास्त. शंभर!"

ते वाक्य दाजींनी आठवडाभर गावाला ऐकवलं.

आता त्या खेपेच्या डुकराच्याच कळपातलं दुसरं डुक्कर दाजींनी पाडलं होतं. केंद्रात मांडीचा रस पट्टीवर पडला आणि गुण आले एक्याण्णव. दाजी खूश. पानात बाजूला ठेवलेलं काळीज पुन्हा दळव्यांकडे जायचं होतं. जाता जाता त्यांना हुक्की आली.

"डॉक्टरबाय, ह्या काळजाक किती मार्क देता ते बघूया."

"दाजी, काळीज तपासायचं नसतं. ते वाट्यात कुठे येतं?"

"म्हणानच. कधीतरी तेचोय मान ठेव."

शर्वाणीने हसून पट्टी बदलली. म्हाताऱ्याची हौस म्हणून काळजाचा रस तिने पिळला आणि चहा ओतायला वळली. मागे दाजींचा आवाज आला, "ह्यां लाल कशाक झालां?"

तिने पट्टी फेकली आणि नवी घातली. पुन्हा लाल. मांडीचा रस पुन्हा घातला. तो हिरवा. मग ती स्टुलावर बसली, आणि तिच्या हातातला चहा तिथेच निवला.

"हा काविळीचा विषाणू आहे," ती म्हणाली. "ई प्रकारचा. तो राहतो यकृतात, वाढतो यकृतात, म्हणजे तुमच्या या काळजात. मांसात तो फार उशिरा उतरतो. म्हणून मांडी स्वच्छ दिसते. मास्तरीण चुकली नाही दाजी. तिच्यापुढे आपण काळीज कधी ठेवलंच नाही. नियमात मी लिहिलं होतं, वाट्याला जाईल त्या मांसाचा नमुना घ्यावा. आणि तुमच्या गावात काळीज म्हणजे वाटा नव्हे."

"निखाऱ्यार भाजलेला तरी?"

"रटरटून शिजवलं तर मरतो. तुम्ही नुसतं वरून करपवता. आत तो जिवंतच."

दाजींनी पुढचा प्रश्न विचारला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. मागच्या खेपेचं डुक्कर याच कळपातलं होतं.

शर्वाणीने तो त्यांच्या चेहऱ्यावर वाचला. अलीकडे डुकरांमधल्या या विषाणूने रूप बदललं होतं आणि शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बायांना तो फार वाईट धरत होता. कावीळ उघड झाली की यकृत कोलमडायचं. अशा चौघींतली एक हाती लागत नसे, आणि पोराचं तर विचारूच नये. कावीळ दिसायच्या आधी दिलं तर एक इंजेक्शन मात्र गुण देत होतं. विषाणूला जागच्या जागी पकडणारी प्रतिपिंडं त्यात तयारच असतात. तिने हे सगळं सांगितलं आणि उठली. "मी आत्ता दळव्यांकडे जाते. तुम्ही येऊ नका."

"तुका दार उघडतीत," दाजी म्हणाले. "पण औषद घेतीत असां वाटता तुका? काळीज गवसाचां. तातू म्हणतलो, गवसान विख घातल्यान, आणि आता सरकारी सुईत आणखी काय घालून धाडल्यान कोण जाणे. तो पोरीक खोलीत कोंडून ठेयत. आठ दिवसांनी ती पिवळी झाली की मगे बोंब मारीत."

यात खोटं काही नव्हतं. दळव्यांच्या घरात तातूचा शब्द चाले. स्वरांगीचा नवरा जहाजावर, सासू केव्हाच वारलेली.

दाजी भिंतीला टेकून उभे होते. विषारी काळीज देणारा म्हणून आता नाव जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आयुष्यभर ज्याने कोणाच्या पानातला वाटा चुकवला नाही, त्याच्या नावाने पोरं थुंकणार. त्याची भीती वाटली. पण सात महिन्यांचं पोट सांभाळत पाया पडायला वाकलेली ती पोर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि मग त्यांना आठवलं की तिच्या आधी पहिला तुकडा कोणी खाल्ला होता.

"डॉक्टरबाय, माझां रगत घाल मास्तरणीत."

"ती मांसासाठी आहे, दाजी."

"मगे मी काय लाकडाचो आसंय?"

तिने त्यांच्या बोटाला सुई टोचली. दोघेही पडद्याकडे बघत बसले. लाल.

दाजी चक्क हसले. "जल्मात पयल्यांदा नापास होवन बरां वाटला. चल. मास्तरणीची ती पेटी घे."

तातू खळ्यात सुपाऱ्या सोलत बसला होता. कुंपणाच्या बेड्यातून, त्या बांबूच्या फाटकातून, दाजी आत आले तशी त्याने मान वर केली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "स्वरांगी! खळ्यात कोण इलो तो? काम काय तां विचार तेका."

"तातू, तुझ्याशीच बोलाक इलंय," दाजी म्हणाले.

"तेका सांग, माका आयकाक येणा नाय."

दाजींनी सगळं उभ्यानेच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, शास्त्रही तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. काळीज माझं, हात माझा, दोष माझा, असंही म्हणाले. स्वरांगी दारात येऊन ऐकत होती. तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

तातूच्या हातातली सुपारी खाली पडली. तो उठला. "आयकलंस स्वरांगी? पयल्यान विख दिल्यान, आणि आता औषद घेवन इलो! इतकी वर्सां मनात ठेवलेल्यान. माझां घर बुडवक व्हयां तेका! तेका सांग, माझ्या सुनेक सुई लावलंस तर हात मोडून ठेयन!"

"तातूकाका, मी डॉक्टर आहे," शर्वाणी पुढे झाली.

"तू डॉक्टर, पण मशीन तेच्या लाडाची. उपरण्यान पुसता तो!"

आणि हे मात्र खरं होतं, दाजी खोकं पुसतच.

स्वरांगी पायऱ्या उतरून खाली आली. जड पावलांनी, पण सरळ दाजींसमोर. "दाजीनू, त्या दिवशी पयलो तुकडो तुमी खाल्लास. मी बघलंय. तेचा काय झाला?"

दाजींनी बोट पुढे केलं. शर्वाणीने मास्तरणीची पेटी खळ्यातल्या पेळेवर, बसायच्या कट्ट्यावर ठेवली, सगळ्यांदेखत नवी पट्टी काढली आणि पुन्हा एकदा टोचलं. उन्हात पडदा नीट दिसेना, तेव्हा स्वरांगीने स्वतः पदराची सावली धरली. लाल आकडा तिने वाचला. मग तिने आपलं बोट पुढे केलं.

"स्वरांगी!" तातू ओरडला.

"बाबानू," ती वळली नाही, "विख घालणारो पयलो घास आपण खाता काय?"

तातूने दाजींकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं, आणि पुन्हा सुपाऱ्यांपाशी जाऊन बसला. सोलायचं मात्र त्याला सुचेना.

तिचा आकडा आला. तोही लाल. पण तिचे डोळे अजून पांढरेशुभ्र होते, भूक चांगली होती. कावीळ उघड व्हायला अवकाश होता.

"पोर माझ्या पोटात आसा," स्वरांगी म्हणाली. "सुई माका घेवचीच आसा. तुमी आडयलात तरी घेवची आसा. पण बाबानू, तुमी हो म्हटलास तर माझी भीती कमी होतली."

तातूने तोंड न वळवता मान हलवली. सासरा म्हणून त्याने आयुष्यात केलेली ही सर्वांत मोठी गोष्ट असावी.

शर्वाणीने जिल्ह्याला फोन लावला. औषध घेऊन येणारं ड्रोन दुपार कलायच्या आत शाळेच्या मैदानात उतरलं. पोरांचा खेळ थांबला, दाजी आणि शर्वाणी धावत गेले. शर्वाणीने डबा उघडला. आत एकच कुपी होती.

"दुसरी पुण्याहून मागवलीय," ती म्हणाली. "दोन दिवस, कदाचित तीन. दाजी, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. हा विषाणू पिकल्या वयाच्या पुरुषांवरही टपून असतो. तुमच्या रक्तात तिच्यापेक्षा जास्त भरलाय. उशीर झाला तर हे औषध..." पुढे तिला पुस्तकी भाषा सापडेना. "दाजीनू, तुमी पिवळे होतलास. लय पिवळे."

दाजींनी तिच्या हातातला डबा बंद केला.

"गावात गरवार बाय आसताना पयलो वाटो म्हाताऱ्यान उचललेलो तू खंय बघलंस काय?" ते म्हणाले. "आणि ह्यां तातूक सांगा नको. तो हकनाक उपकार मानीत. आमचां भांडण बरां चाललांहा."

सुई टोचली तेव्हा स्वरांगीने डोळे मिटून घेतले होते. दाजी कुंपणापलीकडे, आपल्या खळ्यात उभे होते.

तिला दोन दिवस कणकण आली, जेवण जाईना, आणि मग सगळं उतरलं. पुढच्या तपासणीत आकडा हिरवा झाला. दाजींची कुपी आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हळद उतरायला लागली होती. औषध गेलं, पण उशिराने. जिल्ह्याच्या इस्पितळात दाजी इतके दिवस पडून राहिले की खाटेच्या बाजूच्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा त्यांना पाठ झाला. पोट फुगलं, खांदे वाळले, बोलताना शब्द हरवायला लागले. मधल्या एका आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं, आणि ती आत येऊन नवऱ्याच्या केसांना तेल लावत बसली, रडली नाही. शर्वाणी एक दिवसाआड यायची. ती यंत्राच्या बातम्या सांगायची. आता मास्तरणीपुढे सगळ्यात आधी काळीज जात होतं, मग मांडी. आणि काळीज हिरवं आलं तरी वाटणात घालून रटरटून शिजवल्याखेरीज कोणी देत नव्हतं. म्हातारे कुरकुरले होते. बायांनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं होतं.

"तुम्ही हौस म्हणून पट्टी बदलायला लावलीत," शर्वाणी एकदा म्हणाली, "आणि आता जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांत काळीज तपासतात. तीन गावांत लाल सापडलं, दाजी. वेळेवर. त्या तिन्ही बाया सुखरूप आहेत." मग तिला रडू आलं. त्या खाटेवरच्या पिवळ्या माणसाबद्दल तिला जे वाटत होतं ते कुठल्याच अहवालात बसणारं नव्हतं. तिने त्यांचा हात धरला आणि तशीच बसून राहिली.

दाजी घरी आले ते निम्मे होऊन. पण आले. इस्पितळातच एके दिवशी त्यांचा आकडा उलटा फिरायला लागला होता आणि मग फिरतच राहिला. मांसाला वर्षभर हात लावायचा नव्हता, बंदुकीला तर नव्हताच. पडवीत आरामखुर्ची टाकून ते बसत आणि पेज पीत.

स्वरांगीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण इस्पितळातून परत येत असताना तातूने गाडीत बरोबर असलेल्या शर्वाणीला दाजींबद्दल सहज म्हणून विचारलं, "तेका सुई कधी दिलास तुमी?" दाजींनी सांगू नको म्हटलं होतं. पण बाळाकडे बघत असताना शर्वाणीला खोटं बोलणं जमलं नाही. कुपी एकच होती, हे ऐकल्यावर तातूने गाडी थांबवायला सांगितली. उतरून तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, आणि बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी पडवीत बसले होते. कुंपणाचं बेडं वाजलं. तातू दोन्ही हातांत कापडाचं गाठोडं छातीशी धरून येत होता. दाजींच्या बायकोने भांडी तशीच ठेवली. तातूला पायऱ्या चढताना तोल सांभाळावा लागला. तो खुर्चीसमोर येऊन थांबला. दाजींच्या बुबुळांभोवती अजून पिवळी कड होती. ती तो बघत राहिला. मागे कोणी उभं आहे का ते त्याने पाहिलं नाही. कुत्र्याकडेही नाही.

"घे," तो दाजींना म्हणाला. "पण आदी हात धू."

दाजी काठी टेकत परसात गेले. मोठ्या भांड्यातलं पाणी तांब्याने ओतून त्यांनी हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मग तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, पण डोळे काही थांबायला तयार नव्हते. तसल्या डोळ्यांनी त्यांना आत जायचं नव्हतं.

पडवीतून तातूचा आवाज आला, "अरे, हात धुतंस का आंघोळ करतंस? माझ्या नातीक भूक लागली!"